मधली चौकट

लोधिवली, ११ फेब्रुवारी २०२५

जयवंता,

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. माणगावचा पत्ता कोंडाजीकाकांनी दिला. का हवा म्हणून विचारलंसुद्धा नाही त्यांनी. उलट 'पोरीला जेवनाचं इचारा, बाई' म्हणाले. तेव्हा विचारते. मामाकडे जेवतेस ना नीट?

इथलं विचारू नकोस. तू गेल्यापासून बाटल्या धुवायला कोणी नाही. तीस मधमाश्यांची पोटं खलबत्त्यात वाटायची, पाणी घालायचं, एक थेंब काचेवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली आजाराचे बीजाणू मोजत बसायचं. आठ वर्षं करते आहे हे, पण त्या वासाला नाक कधी सरावलं नाही. आता तर तीनदा हात धुतले तरी भाकरीला तोच वास येतो. झहीर म्हणतो, वास हाताला नाही, तुझ्या डोक्यात बसलाय. शिळफाट्याच्या दुकानात दिवसभर ग्रीसमध्ये बुडालेला नवरा मला वासाबद्दल शिकवतो.

संस्थेतून सुरभी मॅडमनी वर अहवाल पाठवला. मला टाइप करायला दिला होता, म्हणून शब्द पाठ आहेत. 'क्षेत्रीय कार्यकर्तीने नमुने चुकीच्या जागेवरून घेतल्यामुळे आजार लक्षात आला नाही.' क्षेत्रीय कार्यकर्ती म्हणजे तू. कडाव आणि आसपासच्या बायकांना नोव्हेंबरात आपण माश्यांच्या चाळीस पेट्या वाटल्या, जानेवारी संपेपर्यंत एकोणतीस रिकाम्या झाल्या, आणि सगळं कारण एका ओळीत बसलं. टाइप करताना मला शिसारी आली.

पण खरं सांगू? तुझाही राग येतो. चौकशीच्या दिवशी तुझ्या हातात कागद दिला, तो तू वाचलास, उलटा करून पाहिलास, टेबलावर ठेवलास आणि चपला घालून निघून गेलीस. चुकलं असेल तर माणसाने चुकलं म्हणावं, नसेल तर भांडावं. गप्प बसणाऱ्यांचा मला वैताग येतो.

तुझा डबा इथेच राहिलाय. घासून ठेवलाय.

रुकय्या


लोधिवली, २५ फेब्रुवारी २०२५

जयवंता,

उत्तर नाही. ठीक आहे.

काल कडावला गेले होते. उरलेल्या अकरा पेट्यांचे नमुने नव्याने घ्यायचे होते आणि आता पेटी उघडायला माझ्याशिवाय कोणी नाही. अंबूबाईच्या परसात शिरले. पेटीच्या दारासमोर मातीवर माश्या सरपटत होत्या. पंख धड, पण उडता येत नव्हतं, पोटं टम्म फुगलेली. दाराच्या फळीवर पिवळट घाण वाळून खरवड झालेली. आणि मुंग्या. मेलेल्या माश्या ओढतात ते पाहिलं आहे, पण या जिवंत माशीला पायाला धरून नेत होत्या आणि ती माशी हळूहळू पाय झाडत होती. मी कुंपणापाशी जाऊन ओकले.

अंबूबाई ओट्यावरून बघत होती. त्या घरातून मी चहा घेतल्याशिवाय कधी सुटले नाही. काल तिने चूळ भरायला पाणीसुद्धा विचारलं नाही.

मग स्वतःच बोलायला लागली. तहसीलमधून कसलासा कागद आला होता. तो वाचून घ्यायला ती एसटीने कर्जतला गेली. मी म्हटलं, गावातली पोरं? तर पोरं दिवसभर कामाला, रात्री मोबाइलमध्ये, म्हातारीचा कागद कोण वाचतो. आधी सगळ्या बायकांचे कागद तू वाचायचीस. आता कोणी तुझं नावही काढत नाही. म्हणाली, "कोंडाजीच्या जयवंताला नीट वाचता येत नाय. हपिसात समद्यांसमोर कळलं. तिच्या वाचन्यापायी आमच्या माश्या मेल्या."

परत येताना कोंडाजीकाकांकडे थांबले. त्यांनी पाणी दिलं, गूळही दिला. ते कोणावर चिडलेले नाहीत, हेच मला सहन होईना. म्हणाले, सातवीपर्यंत पोरीचा पहिला नंबर होता, धडा वाचायला उभी राहिली की मास्तर पुस्तक मिटून ऐकायचे. मग हळूच विचारलं, "तिचं डोळं तपासाला पायजेल का, बाई?"

मी म्हटलं, तपासून घ्या. असं म्हटलं मी.

आज काचा पाहिल्या. या वेळी नमुने योग्य जागेवरून घेतले होते. काचेवर आखलेल्या प्रत्येक घरात बीजाणू, तांदळाची कणी सांडावी तसे. मोजता मोजता डोळे दुखले. ऑक्टोबरात याच पेट्यांच्या काचांवर दोन-चार दिसले होते आणि मी 'वाटपास योग्य' असा शेरा मारला होता.

तुला काय सांगायचं, पण लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. तान्ह्या माश्या पेटीच्या मधोमध असतात, अंडी-अळ्यांना भरवत. बाहेर हिंडून म्हाताऱ्या झालेल्या माश्या कडेला असतात, मधाने भरलेल्या पोळ्याच्या चौकटींवर. हा परजीवी वयाबरोबर वाढत जातो. तान्ह्या माश्या पकडून पेटीचा आजार मोजायचा म्हणजे बालवाडीत जाऊन गावातला दमा मोजायचा. नमुना कडेच्या, मधातल्या चौकटीवरूनच घ्यायचा असतो. तुझ्या तीसच्या तीस माश्या मधल्या चौकटीवरच्या होत्या. चाळीसही पेट्यांत.

कागदावर तसं लिहिलं होतं, असं तू चौकशीत म्हणालीस. तो कागद मी लिहिला होता, एवढंच आज लिहिते.

रुकय्या


खोपोली, १० मार्च २०२५

जयवंता,

रमजान सुरू आहे. रोजा फक्त पोटाचा नसतो, जिभेचाही असतो, असं अम्मी सांगायची. नऊ दिवस पोटाचा पाळला. जिभेचा मोडूनच बसले आहे, तेव्हा ते निस्तरते.

तू बरोबर वाचलं होतंस.

'नमुना घेण्याची रीत' हा कागद मी ऑक्टोबरात घाईघाईत टाइप केला. चौथ्या ओळीत लिहायचं होतं, 'मधातली चौकट उचलून तिच्यावरच्या तीस माश्या घ्याव्यात.' माझ्या हातून एक काना आणि एक 'त' राहिला. 'मधली चौकट' झालं. मराठीत कुठेही दाखव, मधली म्हणजे मधोमधची. मधाची चौकट पेटीच्या कडेला आणि मधली चौकट बरोबर मधोमध. काना-मात्रेचा फरक म्हणतात तो हा. तू कागदाबरहुकूम चाळीस पेट्या उघडल्यास, डंख खाल्लेस, आणि मी लिहिलं होतं नेमकं तेच केलंस.

जानेवारीत पेट्या पटापट रिकाम्या व्हायला लागल्या तेव्हा मी फाइल काढली. तुझ्या बाटल्यांच्या क्रेटला रबर लावून परत आलेला तो कागद वाचला आणि चौथ्या ओळीवर थांबले. मॅडमकडे जाऊन सांगायला दहा पावलं चालायची होती. मी दुसऱ्या बाजूला चालले. नवा कागद टाइप केला, 'मधातली' असा, वर ऑक्टोबरची तारीख टाकली आणि फाइलला लावला. कोणी विचारणार नाही, असं मनाशी म्हटलं. विचारलं तेव्हा तोच कागद तुझ्या हातात दिला.

सगळ्यांसमोर तू तो मोठ्याने वाचलास. 'मधातली.' तेव्हा संस्थेतली ती शिकलेली माणसं हसली. कोणी म्हणालं, घ्या, वाचता येतं की हिला, फक्त उशिरा येतं. मीही हसले, जयवंता. मोठ्याने नाही, पण ओठ हलले माझे. 'आपण हसे लोकांना, शेंबूड आपल्या नाकाला' म्हणतात ना, ते मला उद्देशूनच केलेलं असावं.

तू कागद उलटा केलास. तुझ्या कागदाच्या मागे तू चाळीस पेट्यांचे नंबर लिहिले होतेस, प्रत्येकापुढे बरोबरची खूण. हा नवा कागद पाठीमागून कोरा होता. तू कोऱ्या पाठीकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. तुला तिथेच कळलं. आणि मी तुला पत्रात लिहिते की गप्प बसणाऱ्यांचा वैताग येतो. चोर तो चोर, वर शिरजोर.

झहीरला परवा सांगितलं. त्याने इतकंच विचारलं, "ती मोठ्याने वाचत होती तेव्हा तू कुठं बघत होतीस?"

खिडकीबाहेर. खिडकीबाहेर बघत होते.

जुना कागद मी फाडला, असं तुला लिहिणार होते. ते खोटं आहे. सूक्ष्मदर्शकाच्या लाकडी पेटीत तळाच्या कापडाखाली तो आहे. फाडायला दोनदा काढला आणि दोनदा परत ठेवला. का ते मला सांगता येत नाही. हिंमत फाडायचीही नाही आणि दाखवायचीही नाही, असंच म्हण.

रुकय्या


खोपोली, २२ मार्च २०२५

जयवंता,

तुझं पोस्टकार्ड मिळालं.

'बाई, पत्रं पोचली. इथे वाचून दाखवणारं कोणी नाही. पाठवू नका. जयवंता.'

इफ्तारला बसलो होतो. झहीरने खजूर पुढे केला, तो घेतला आणि तसाच हातात राहिला. मी ते कार्ड दहादा वाचलं. तीन ओळी, एकही काना-मात्रा चुकलेली नाही. माझ्या एम.एस्सी.च्या कागदापेक्षा तुझं सातवीचं कार्ड शुद्ध. टोमणा बरोबर बसला, आणि मला तो हवाच होता.

पाठवू नका म्हणालीस तरी हे एक पाठवावंच लागतंय, कारण मागच्या पत्रातही मी सगळं सांगितलं नाही. वाटलं, टाइप करताना चूक झाली एवढं कळलं तर तू म्हणशील, चुकतं माणूस. तेवढ्यावर निभावून न्यायचा विचार होता माझा. माझीच मला किळस येते ती याचसाठी. कबुलीसुद्धा मी मापून देते.

तू विचारलं होतंस.

सात ऑक्टोबर, सकाळ. क्रेट घेऊन तू प्रयोगशाळेच्या दारात उभी होतीस. टेंपो बाहेर चालू होता. मी काचेवर डोळा लावून बसले होते, आदल्या दिवशीच्या बाटल्यांचा वास खोलीभर होता आणि मला कधी एकदा ते आटपतं असं झालं होतं. तू चौथ्या ओळीवर बोट ठेवून म्हणालीस,

"बाई, मधली म्हंजे कुठली? मधली तर पिल्लांची हाय. तिच्यावर समद्या तान्ह्या माश्या. आमचा बा म्हनतो, रोग बघायचा तर म्हाताऱ्या माश्या बघाव्या."

मी मान वर केली नाही. म्हणाले, "लिहिलंय तसं कर, जयवंता. बा काय म्हणतो ते नको सांगूस."

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, झहीरलाही नाही. मी एकदा मान वळवून कागद बघितला असता तर चूक तिथेच दिसली असती. पण कडावचा एक म्हातारा, ज्याला अक्षर येत नाही, तो मला नमुना कुठून घ्यायचा ते शिकवणार, हे मला झेपलं नाही. पुस्तकात जे दोन पानांवर आहे ते तो एका वाक्यात सांगत होता. आणि त्याच माणसाला मी तुझे डोळे तपासून घ्या म्हणून सांगून आले.

तू तेव्हा 'बरं' म्हणालीस. बाईंनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, असं धरून गेलीस. गावात जाऊन अंबूबाईला तूच सांगितलंस, आजार नाय, पेटी घे. तुझ्या शब्दावर घेतल्या त्यांनी पेट्या, संस्थेच्या शेऱ्यावर नाही. शेरा वाचला कोणी?

सहा महिने उशिरा उत्तर देते. मधली म्हणजे मधातली. कडेची. तुझा बा बरोबर होता आणि तूही.

रुकय्या


लोधिवली, ८ एप्रिल २०२५

जयवंता,

ईद झाली. त्यानंतरच्या बुधवारी मॅडमकडे गेले, दोन्ही कागद टेबलावर ठेवले आणि सात ऑक्टोबरपासून सगळं सांगितलं. त्यांनी आधी चष्मा पुसला. मग म्हणाल्या, आता झालं ते झालं, अहवालात 'टीमकडून झालेली तांत्रिक चूक' अशी दुरुस्ती करू, कोणा एकाचं नाव नको.

मला हसू आलं. तीस माश्या एकत्र वाटल्या की आजार किती ते कळतं, कोणाला ते कळत नाही. तसंच हे. तुला नि मला एका खलबत्त्यात घालून वाटायचं आणि वरून पाणी ओतायचं. मी म्हटलं, अहवालात माझं नाव घाला. त्या म्हणाल्या, विचार करते. त्यांचा विचार संपेपर्यंत मला थांबायचं नव्हतं. मे महिन्यात माझं कंत्राट संपतं, ते पुढे सुरू राहणार नाही, एवढं मात्र त्यांनी लगेच सांगितलं.

शनिवारी कडावला गेले. गजाच्या दुकानाशेजारच्या पडवीत बायकांच्या गटाची बैठक होती. कोंडाजीकाका बाहेर बाकावर बसले होते, त्यांना मीच आत बोलावलं. उभी राहिले आणि बोलायला लागले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. जयवंताने चूक केली नाही, चूक माझी, आणि वरून ती मी लपवली, एवढं बोलले असेन. कोणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. अंबूबाई म्हणाली, तुमी शिकल्यालं लोक एकमेकींना वाचवता. मी तुला वाचवायला आले असं तिला वाटलं बघ. माझं चुकणार नाही, इतका विश्वास होता त्यांचा.

मग मी गजाला दुकानातून बोलावलं आणि जुना कागद त्याच्या हातात दिला. चौथी ओळ मोठ्याने वाच म्हटलं. त्याने वाचली. 'मधली चौकट उचलून.' पुन्हा वाच म्हटलं. पुन्हा 'मधली'. मग दुसरा कागद दिला, मी जानेवारीत केलेला. 'मधातली.' गजाने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली.

अंबूबाई पचकन थुंकली. बाजूला थुंकली, पण ती थुंकी माझ्यासाठीच होती.

कोंडाजीकाकांनी हात पुढे केला. गजाने जुना कागद त्यांना दिला. त्यांनी तो समोरून पाहिला, मग उलटा केला. मागे तुझे चाळीस नंबर. काकांना अक्षर येत नाही, पण आकडे येतात. एकेका आकड्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. चारच्या आकड्याची शेपटी तू लांब ओढतेस ना, तिथे थांबले. म्हणाले, हा चार तिचाच.

मग बायकांकडे बघून म्हणाले, "म्हंजे माझ्या पोरीनं बरोबर वाचल्यालं."

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पाणी नाही, गूळ नाही. या वेळी ते मला जास्त बरं वाटलं. कागद घडी करून माझ्या हातात देताना एवढंच म्हणाले की तो तिला पाठवा, तिचा हाय.

म्हणून पाठवते आहे. स्वतःकडे ठेवू नकोस, असं माझंच मन मला सांगतं. पुन्हा कधी घाबरले तर फाडायला मी कमी करणार नाही. तू सांभाळ. मॅडमनी अहवाल बदलला नाही तर तो घेऊन वर जा. मी साक्षीला येईन, आणि तोपर्यंत माझी जीभ पुन्हा वळली तर कागद तर आहेच. डबाही पाठवते आहे, वेगळ्या पार्सलात.

तुझी माफी मागायला हे पत्र नाही. माझ्याच्याने मागवत नाही, आणि तू दिलीस तर मला तुझाही राग येईल.

आणखी एक. मी एसटीच्या थांब्यावर उभी होते तर अंबूबाई मागून आली. पदराखालून तो तहसीलचा कागद काढला आणि माझ्या पिशवीत कोंबला. कर्जतला वाचून घेतला होता ना, मी विचारलं. तर म्हणाली, त्यानं काय वाचलं त्याचा मला भरवसा नाय, जयवंताला पाठवा, तिला वाचाला सांगा.

पाकिटात दोन कागद आहेत, एक तुझा आणि एक तिचा. तिचा आधी वाच. तिला पंधरा तारखेच्या आत उत्तर हवंय.

रुकय्या